दिव्याचा पिक्चर

रंभाबाईंना सिनेमांची नावं कधीच ठाऊक नव्हती. त्या सिनेमे ओळखायच्या नाचावरून. मडक्यांचा पिक्चर, झोक्याचा पिक्चर, सवत आंधळी होते तो पिक्चर. आणि या सगळ्यांच्या वरचढ म्हणजे दिव्याचा पिक्चर. त्यात एक नाचणारीण तळहातावर पेटती पणती घेऊन राजवाड्याच्या पायऱ्या उतरत यायची, खाली येऊन गरागरा फिरायची, आणि पणती काही विझायची नाही. लग्न होऊन कोळवणात आल्या त्या वर्षी, जत्रेत आलेल्या तंबूत रंभाबाईंनी तो पाहिला होता. पुढं कित्येक वर्षं भात लावताना बायांमध्ये त्याच्यावर बोलणं चालायचं.

सुलक्षणा त्यांची थोरली लेक. भूगावात राहायची, पिरंगुटच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होती. शनिवारी दुपारी सुटली की एसटीनं पौड, तिथून जीपनं कोळवण. दोन हजार एक साली तिनं आईकडे सीडी लावायचं यंत्र नेऊन ठेवलं, आणि मग दर शनिवारी एक जुना नाचगाण्याचा सिनेमा ठरलेलाच. लाईट असेपर्यंत बघायचा, लाईट गेली की आल्यावर पुढचा.

आईबरोबर सिनेमा बघणं म्हणजे निम्मा सिनेमा आईचाच असे.

"हिला कंबर हाय का फळी?" रंभाबाई म्हणायच्या. "आन ह्यो बघ, रडतुया. भात झोडायला बी कामाचा न्हाई ह्यो."

"आई, तो राजपुत्र आहे."

"आसंल. राजपुत्राला काय हात नसत्यात?"

पण चांगला नाच लागला की त्या गप्प व्हायच्या. बसल्या जागी मनगटं हलायला लागायची, बोटं उमलायची, मान तालावर जायची. चिखलात जन्म गेलेल्या त्या हातांत एवढं काही असेल, असं कुणाला वाटलं नसतं. सुलक्षणा मग पडद्याकडे बघायची सोडून आईकडेच बघत बसायची. पुढं तिला त्या दिवसांतलं हेच सगळ्यात जास्त आठवत राहिलं.

त्या वर्षी घरात एका गोष्टीवरून धुसफूस चालू होती. वडील जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ किशोर पौडला हार्डवेअरचं दुकान चालवायचा आणि आईनं कोळवणात एकटं राहू नये, असा त्याचा घोशा होता.

"माझं डोस्कं चालतंय, पाय चालत्यात," रंभाबाई म्हणायच्या. "मग मी दुसऱ्याच्या दारात कशापायी जाऊ?"

"दुसऱ्याच्या? मी काय दुसरा हाय?"

"तुजं घर तुज्या बायकोचं. माजं हे."

सुलक्षणा आईच्या बाजूनं उभी राहिली होती. शेवटी किशोर तिला म्हणाला, "ताई, दर आठवड्याला तू बघतीस तिला. तूच सांग. ज्या दिवशी तू म्हणशील की आता हिचं चालंना, त्या दिवशी घेऊन जाऊ. तवर मी तोंड उघडत न्हाई."

आणि त्यानं तो शब्द पाळला.

दिव्याचा पिक्चर शोधायला सुलक्षणाला वर्ष गेलं. नाव नाही, नटी माहीत नाही, नुसती पणती आणि पायऱ्या. पुण्यातल्या दुकानदारांना ती पणतीचा नाच हातवारे करून सांगायची आणि ते हसायचे. अखेर रविवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं कपाटाच्या तळातून एक सीडी काढून दिली. सुलक्षणानं ती आधी घरी लावून पाहिली. पायऱ्या होत्या, पणती होती. तिचा आनंद पोटात मावेना.

शनिवारी तिनं काही न सांगता सीडी लावली. नाच सुरू झाला. रंभाबाई पुढं सरकल्या. नाचणारीण पायऱ्या उतरू लागली तसे त्यांचे हात उचलले गेले आणि मध्येच थांबले.

"ही ती न्हवं," त्या म्हणाल्या.

"अगं, हीच ती. पणती बघ ना."

"पनती ह्या हातावर न्हवती. डाव्या हातावर हुती. आन ती आली त्या कडंनं. हिकडनं न्हाई आली."

सुलक्षणानं सीडी मागे नेली, पुन्हा लावली. रंभाबाईंनी पुन्हा मान हलवली. "दुसऱ्या कुनी तरी नक्कल केलिया. आमी बघितला त्यो ह्यो न्हाई."

वर्षभर उन्हातान्हात दुकानं पालथी घातलेली. सुलक्षणाच्या आवाजाला धार आली. "आई, हा उजवा हात. पहिल्यापासून उजवाच आहे. तुझी आठवण चुकतेय."

"मला उजवा-डावा कळतुया."

"बरं, आज वार कुठला?"

रंभाबाईंनी लेकीकडे रोखून पाहिलं. "शनवार. तू आलीस मंजी शनवार."

त्यावर दोघी हसल्या असत्या, तर पुढचं काही घडलंही नसतं. पण सुलक्षणा हसली नाही. पुढच्या शनिवारी तिनं तोच नाच पुन्हा लावला. आई सुधारते का, ते बघायला. आई सुधारली नाही. उलट नाचणारीण कुठल्या बाजूला वळते, गाणारा कुठं बसतो, सगळंच वेगळं सांगू लागली, आणि तेही ठासून. त्याच आठवड्यात चुलीवर दूध उतू जाऊन पातेलं जळालं होतं. दूध कुणाचं उतू जात नाही? पण सुलक्षणाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र बसल्या. पौडच्या डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, या वयात असं सुरू होतं, एकटं ठेवू नका.

तिनं किशोरला फोन केला.

भातकापणी उरकल्यावर, सुनेच्या घरी नको म्हणून, रंभाबाईंना सुलक्षणाकडे भूगावला आणलं. गाय शेजारच्या कोंडाजीकडे गेली. जीप सुटायच्या आधी रंभाबाईंनी एवढंच विचारलं, "किशोर म्हनला न्हवं?"

"नाही आई," सुलक्षणा म्हणाली. "मी म्हटलं."

"तू?" त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे न बघता जीपमध्ये चढल्या.

भूगावच्या फ्लॅटमध्ये टीव्ही मोठा होता, लाईट कमी जायची. सिनेमे तेच. पण रंभाबाई आता शेरे मारीनात. नाच आवडला का विचारलं तर म्हणायच्या, "तुला आवडला न्हवं? मग झालं." हळूहळू त्या सगळंच विचारून करू लागल्या. मी गोळी घेतली का? नळ बंद केला का? गोळी घेतलेली असायची, नळ बंद असायचा. सुलक्षणाला वाटायचं, बरं झालं वेळेवर आणलं.

असं दीड वर्ष गेलं. सुलक्षणाची मुलगी आरोही तेव्हा दहावीत, कथ्थक शिकायची. एका रविवारी ती कपाटाच्या आरशासमोर नाचातले हात पुन्हा पुन्हा करून बसवत होती. तिच्या मागं पलंगावर रंभाबाई, दारात सुकलेले कपडे घेऊन सुलक्षणा. आरोहीनं उजवा हात पुढं केला. आजीची नजर आरशावर होती.

"हां," रंभाबाई म्हणाल्या, "ह्योच हात. आसाच दिसायचा."

"आजी, आरशात उलटं दिसतं. मी उजवा केलाय."

"उलटं दिसतंय व्हय?" रंभाबाई विचारात पडल्या. "मग आमाला बी उलटंच दिसत आसंल. आमी पडद्याच्या मागनं बघायचो."

आरोही वळली. "म्हणजे?"

"तंबूत गं. मदी धोतरागत पडदा. बाप्ये म्होरं बसायचे, बायांना मागच्या अंगाला जागा. पार पाटलाच्या सुनांसुद्दा. बाप्यांच्यात कोन बसनार?"

"मग तुम्हाला सिनेमाची नावंसुद्धा उलटी दिसली असणार."

"नावं? वाचाया कुनाला येत हुतं?"

आरोही खोखो हसली. सुलक्षणा कपडे घेऊन तशीच पलंगाच्या कडेवर बसली.

तिला शाळेचं संमेलन आठवलं. चौथीत असेल. आईनं तिला पणतीचा नाच शिकवला होता, पणती नको म्हणून वाटी दिली होती, डाव्या तळहातावर. शाळेतल्या बाईंनी ती काढून उजव्यावर ठेवली. घरी येऊन सांगितल्यावर आई म्हणाली होती, तुज्या बाईंनी पिक्चर बघितलेला न्हाई. म्हणजे तरणीताठी होती तेव्हापासून आई हेच सांगत आली होती. तिच्या डोक्याला काही झालं नव्हतं. आख्ख्या खोऱ्यातल्या बायांनी तो सिनेमा तसाच पाहिला होता.

"आई, तेव्हा का नाही बोललीस हे?"

"काय बोलायचं? समद्यांना ठाव हुतं. तुला ठाव न्हाई हे मला काय म्हाईत?"

"तुझं बरोबर होतं, आई. माझंच चुकलं."

रंभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "आसंल," त्या म्हणाल्या.

सुलक्षणानं त्याच संध्याकाळी किशोरला फोन केला. तो वैतागला. "ताई, पणती कुठल्या हातात, त्यावरनं का आणलं आपण तिला?"

"हो," ती म्हणाली. "त्यावरूनच आणलं."

पुढच्या रविवारी ती आईला घेऊन कोळवणला गेली. महिन्याचं वाणसामान बरोबर होतं. कोंडाजी गाय परत द्यायला तयार होता. वाटेत सुलक्षणा बोलत राहिली, टीव्ही पुन्हा तिथं ठेवू, मी शनिवारी येईन, पहिल्यासारखं. रंभाबाई बाहेर बघत होत्या. रस्त्याला नव्या फार्महाऊसच्या भिंती आल्या होत्या.

घर उघडलं. सुलक्षणानं झाडलं, पाणी भरलं, चहा टाकला. रंभाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. चहा झाल्यावर त्यांनी निखारे विझवले. मग वाकून पाहिलं. बाहेर ओट्यावर आल्या, परत आत गेल्या आणि पुन्हा पाहिलं.

"इझलंय का गं?"

"विझलंय, आई. तूच पाणी मारलंस."

"मी मारलं?"

"हो. आत्ता."

त्या तिसऱ्यांदा आत जाऊन आल्या. ओट्यावर टेकल्या. कोंडाजीची बायको कुंपणाशी येऊन म्हणाली, "रंभाकाकू, आता ऱ्हाताव न्हवं? गाय वाट बघतिया तुमची." रंभाबाईंनी हसून मान हलवली, पण व्हय म्हणाल्या नाहीत.

ती गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सुले, मला न्यायचं परत."

"आई, तुझं डोकं चांगलं आहे. मीच म्हणत होते नसतं काहीतरी."

"तू रागावून न्हाई म्हनलीस. इचार करून म्हनलीस." त्या पदरानं गुडघे झाकत होत्या. "मला वाटलं, सुलीला कळतंय, शिकलीया. मंजी खरंच काय तरी झालं आसंल. मग मी माज्यावर ध्यान ठिवाया लागले. आता ते सुटंना. रातचं उठून मी हितं चूल बघत बसंन."

सुलक्षणानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. रंभाबाईंनी तो थोपटला, लहान पोराला थोपटावं तसा.

वाणसामान पुन्हा पिशव्यांत भरलं. जीपवाला रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. सुलक्षणानं दार ओढलं आणि आईच्या हातात कुलूप दिलं. रंभाबाईंनी ते क्षणभर धरलं आणि परत तिच्या हातात ठेवलं.

"तूच लाव," त्या म्हणाल्या. "मी लावलं तर पौडपातूर जाऊन माघारी बघाया यावं लागंल."