दोघांचा इलाज

सुरतच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाटा नीट समजावून सांगितल्या. नवनीतच्या अंडकोषातल्या शिरा फुगल्या होत्या, म्हणून शुक्रजंतू कमी होते आणि जे होते तेही मंद. एक तर त्याचं छोटं ऑपरेशन करायचं आणि काही महिने वाट पाहायची. नाहीतर सरळ आयव्हीएफ. त्यात चारुलताला रोज इंजेक्शनं घ्यावी लागणार, मग तिची बीजं बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करणार. खात्री दोन्हीकडे नव्हती.

"घरी जाऊन दोघं विचार करा," बाई म्हणाल्या.

"आयव्हीएफच करू," नवनीत लगेच बोलला. बाईंनी चारुलताकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

परतीच्या गाडीत नवनीत एका जागी बसेना. दारापाशी जाई, परत येई, मोबाइल काढी, खिशात ठेवी. नवापूर मागे पडलं तेव्हा तो म्हणाला, "चला, ठरलं एकदाचं."

"ठरलं नाही. तुम्ही ठरवलं."

तो पुन्हा दाराकडे गेला.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. इतकी वर्षं तपासण्या फक्त चारुलताच्या झाल्या. गर्भनळीच्या तपासणीच्या दिवशी तर ती टेबलाची कड धरून कळवळली होती, आणि नवनीत बाहेर मोटारसायकलवर बसून होता. त्याची तपासणी आता, सुरतला, पहिल्यांदा झाली. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात तो बॉयलरवर होता. उष्णतेने शुक्रजंतू कमी होतात, तेव्हा ते कामही जमलं तर बदला, असं बाईंनी सुचवलं होतं.

गावी, कळसाडीला पोचल्यावर सासू सिंधुबाईंनी विचारलं, "काय म्हनना डॉक्टर?"

"हिले सुरतले इंजेक्शनं घेनी पडतीन," नवनीत म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नर्मदाबाई कापूस वेचायला सोबत होत्या. सिंधुबाई त्यांना सांगत होत्या, "सूनना अंगमाच खोट शे, बहीन. काय करवा?" चारुलता दोन ओळी पलीकडे होती. तिची बोटं बोंडांवरून भराभर चालत राहिली. ते खोटं आहे हे तिला माहीत होतं, पण खरं सांगवत नव्हतं. आपण बोललो तर नवऱ्याची अब्रू जाते, नाही बोललो तर आपली. शिवाय मनातून तिलाही वाटत होतं, आयव्हीएफने लवकर झालं तर काय वाईट? दिवसभर ती याच फेऱ्यात होती. घरी आल्यावर झाडलेलं अंगण तिने पुन्हा झाडलं.

पाळी आली तशी दोघं परत सुरतला गेली. इंजेक्शन घरीच द्यायचं म्हणून नर्सने नवनीतला शिकवायला घेतलं. आधी रबरी गादीवर. मग ती म्हणाली, "आता ताईंच्या पोटावर, पहिलं तुम्हीच द्या."

चारुलताने कुर्ता वर केला. नवनीतने बेंबीशेजारची कातडी चिमटीत धरली. सुई जवळ नेली. मागे घेतली, पुन्हा जवळ नेली.

"जमत नाही," तो म्हणाला आणि सिरिंज ट्रेमध्ये टाकून बाहेर निघून गेला.

नर्सने सुई हातात घेतली तेव्हा चारुलता म्हणाली, "थांबा थोडं."

ती बाहेर आली. नवनीत रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ येरझाऱ्या घालत होता.

"माले टोचानी भीती वाटनी तुम्हले, का सोताना ऑपरेशननी?" तिने विचारलं.

तो येरझाऱ्या थांबवून उभा राहिला. मग म्हणाला, "भटूमामाचं ऑपरेशन झालं होतं ना तिथलं, हायड्रोसिलचं. अजून पारावर लोक हसतात त्याला. मला तेच दिसत राहतं."

"आणि मला सहा वर्षं जे ऐकावं लागलं ते?"

"तुला कोण हसतं?"

"हसत नाहीत. कीव करतात."

ती पुढे म्हणाली, "मी इंजेक्शनांना घाबरते असं नाही. पण दुखणं तुमचं आणि सुया मला, हे मला न विचारता झालं. आधी तुमचा इलाज करू. नाही गुण आला तर मी आहेच."

"करतो," नवनीत म्हणाला. "पण मायला नको सांगू."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

डॉक्टरीणबाईंनी त्या महिन्याचे उपचार थांबवले. नवनीतला मात्र आईशी बोलायला चार दिवस लागले. सांगायला म्हणून स्वयंपाकघरात जाई आणि पाणी पिऊन परत येई. शेवटी सिंधुबाई भाकरी थापत असताना उंबऱ्यात उभ्या उभ्याच बोलून मोकळा झाला.

सिंधुबाईंचे हात परातीत थांबले. तव्यावरची भाकरी करपू लागली तेव्हा चारुलताने ती उतरवली.

"मंग इतला वरीस माले हिले कसाले बोलू दिधं?" सिंधुबाईंनी मुलाला विचारलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सुनेची माफी वगैरे मागितली नाही, पण आठवड्याने नर्मदाबाईंनी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "दोन्हीस्ना इलाज चालू शे. परमेश्वर देई तवय देई." आणि दुसरंच काही बोलू लागल्या.

ऑपरेशन झालं. कारखान्यात नवनीतने वजनकाट्यावर बदली मागून घेतली. पारावर कुणी काही बोललं असेल तर त्याने ते घरी आणलं नाही. पण वाट पाहण्याचे ते महिने दोघांनाही काढवेनात. तपासणीच्या तारखा जवळ आल्या की तो चिडायचा, ती कपाटं आवरायची. शुक्रजंतू वाढले, पण हवे तेवढे नाहीत. एकदा आययूआय केलं, म्हणजे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडले. पाळी आली. चारुलता न्हाणीत रडली आणि नवनीत दाराबाहेर नुसता उभा राहिला, कुठे गेला नाही.

पुढे काय, हे डॉक्टरीणबाईंनी परत दोघांवर सोडलं. या वेळी नवनीतने बायकोकडे पाहिलं.

"आयव्हीएफ करू," चारुलता म्हणाली. "आता मी म्हणते."

बाहेर आल्यावर जिन्यात त्याने विचारलं, "मग मधले महिने वायाच गेले का?"

"तुम्हाला वाटतं तसं?"

तो तिच्या बरोबरीने जिना उतरू लागला. होईल का, नाही झालं तर किती वेळा, हे प्रश्न तसेच होते. पण ते प्रश्न ती आता त्याच्याशी मोठ्याने बोलत होती, आणि बोलता बोलता दोघं स्टेशनच्या रिक्षाला हात करायचं विसरून पुढे चालत गेली.