निक्टेला पहिल्यांदा कडेवर

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या किचनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. टेक्सासमधल्या अर्विंगच्या एका इंडियन ग्रोसरीच्या मागच्या खोलीत मी पोळ्या लाटते आणि लिगिया भाजते. लिगिया मेक्सिकोतल्या युकातानकडची, वय अठ्ठावीस. तिच्या पोळ्या माझ्या सुनेच्या पोळ्यांपेक्षा चांगल्या फुगतात, आणि हे मी सुनेला दोनदा सांगितलंय. लिगिया मला सगळ्यांसारखं रत्नाकाकू म्हणते. तिच्याकडे गाडी नाही, म्हणून येता-जाता मीच तिला सोडते.

मागच्या वर्षी माझ्या नातवाने, आर्यने, शाळेसाठी एक पोस्टर केलं होतं. पिरॅमिड, मक्याची कणसं, आणि वर मोठ्या अक्षरात प्रश्न, माया लोक कुठे नाहीसे झाले? तुमच्याकडचं काहीतरी आहे म्हणून मी फोटो लिगियाला दाखवला. तिने हातातली पोळी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, कुठे गेलो? मी इथे पोळ्या भाजतेय."

दोन वर्षं शेजारी उभी राहून मला हे माहीत नव्हतं. मेक्सिकोची म्हणजे मेक्सिकन, एवढीच माझी अक्कल. ती माया, तिचे आईवडील माया, आईशी फोनवर ती बोलते ती स्पॅनिश नव्हे, माया भाषा. मी घरी गेले आणि आर्यला पोस्टर बदल म्हटलं. "आजी, इट्स ऑलरेडी ग्रेडेड," असं म्हणाला गाढव. तरी बदलायला लावलंच.

फेब्रुवारीत लिगियाला मुलगी झाली. नाव ठेवलं निक्टे, म्हणजे चाफा. आपल्या देवळांबाहेर असतो तोच. तो मुळात त्यांच्याकडूनच आपल्याकडे आला म्हणे. मला ते पटेना, मी वाद घातला, मग आर्यने फोनवर शोधून दाखवलं तेव्हा मानलं.

आता माझ्या चुकीचं सांगते. मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी लिगियाला घरी सोडलं. तिने शेजारणीकडून बाळ आणलं आणि पाच मिनिटं धरा, आंघोळ करून येते, असं म्हणून आत गेली. बाळ किरकिरायला लागलं. आडवं घेऊन झुलवलं, थोपटलं, काही उपयोग नाही. मग एका हाताने मान-पाठ सावरली आणि सरळ कडेवर घेतलं. माझी दोन मुलं आणि तीन नातवंडं याच कडेवर वाढलीत, त्यात विचार कसला करायचा? बाल्कनीत नेऊन विमानं दाखवली. अर्विंगमध्ये विमानांना काही तोटा नाही, एक गेलं की दुसरं येतं. पोर टकामका बघत राहिली. लिगिया बाहेर येईपर्यंत माझा हात भरून आला होता, म्हणून मी बाळाला पुन्हा आडवं घेतलं होतं.

रविवारी निक्टेचा हेत्समेक होता, म्हणजे त्यांच्याकडचा एक विधी. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी नवी साडी नेसून, शिरा घेऊन गेले. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, मेरीमातेची तसबीर, वाट्यांमधून उकडलेलं अंडं, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, मक्याचं पीठ. शेजारी वही, पेन्सिल, कात्री आणि एक स्टेथोस्कोप. तो लिगियाच्या बहिणीचा, नेयदीचा. नेयदी ह्यूस्टनला नर्स आहे, खास यासाठी गाडी चालवत आली होती. लिगियाची आई गावाहून व्हिडिओ कॉलवर होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिचा व्हिसा दोनदा नाकारला होता.

हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं. लिगिया वाट्या लावता लावता सांगू लागली. ज्यांनी पिरॅमिड बांधले त्यांच्या काळापासूनचा विधी, असं तिची आजी सांगायची. चर्च नंतर आलं, मेरीमाता नंतर टेबलावर बसली, पण हे आधीचं. मुलगी तीन महिन्यांची झाली की करायचं, कारण चुलीला तीन दगड. मुलगा असेल तर चार महिन्यांनी, कारण शेताला चार कोपरे.

मुलीला चूल आणि मुलाला शेत, हे तुमच्याकडेही आहेच का, म्हणून मी लगेच फणकारले. लिगिया हसली. म्हणूनच तर वही-पेन्सिल ठेवलीय, म्हणाली. बाळाला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कडेवर घेतात, आणि जी पहिल्यांदा घेते तिचं वळण बाळाला लागतं. नेयदी त्यांच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा विचारच केला नव्हता.

मला गुरुवारची बाल्कनी आठवली. कोणी पाहिलं नव्हतं. मूग गिळून बसले असते तर शिरा खाऊन, फोटो काढून घरी आले असते. पण चोराच्या मनात चांदणं. नेयदीने हात पुढे केले आणि माझ्याने राहवेना. थांबा, म्हटलं, आणि गुरुवारचं सगळं सांगून टाकलं.

लिगियाने बाळाला छातीशी धरलं. ती रागावली असती तर मी उलट बोलले असते, मला ते जमतं. पण ती रडायला लागली.

"तिला आपल्यासारखं पिठात हात घालायला लागू नये, एवढंच मला हवं होतं, काकू."

मला लागलं. फार लागलं. चाळीस वर्षं लाटतेय, असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. आणि ती खोटं थोडीच बोलत होती? माझ्या मुलीसाठी, रुचासाठी, मीही हेच मागितलं होतं, अगदी रोज. मी पर्स उचलली आणि दाराकडे निघाले.

तेवढ्यात फोनमधून लिगियाची म्हातारी आई काहीतरी बोलली. नेयदीने मला थांबवलं. आई विचारतेय, कडेवर घेतल्यावर बाळ रडलं का? नाही, उलट गप्प झालं. कुठे नेलंत? बाल्कनीत, विमानं दाखवायला. तिच्याशी काय बोललात?

हे सांगायला मला लाज वाटली. पण म्हटलं, आता काय लपवायचं. "मी तिला म्हटलं, यातल्याच एका विमानातून तुझी आजी येणार आहे."

नेयदीने ते माया भाषेत सांगितलं. म्हातारीने पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली. मग बराच वेळ बोलली. नेयदी म्हणाली, "आई म्हणते, वाट उघडून झाली. जिने उघडली तिनेच बाळाला घेऊन टेबलाभोवतीच्या फेऱ्या पूर्ण करायच्या. अर्धवट सोडायचं नाही."

मी नको म्हटलं. माझं काय वळण घेणार ती? तोंड फटकळ, हातात लाटणं. नर्स सोडून मी कशाला? म्हातारीने विचारलं, लाटण्याशिवाय हिला काय येतं? मी विचार केला. खरंच, काय येतं मला?

गाडी येते, म्हटलं. नवरा गेला तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. मुलगा म्हणाला, आई, उबर आहे ना. मी ऐकलं नाही. तीनदा नापास झाले, चौथ्यांदा लायसन्स मिळालं. म्हातारी हे ऐकून दात नसलेलं तोंड उघडून हसली. मग तेच दे, म्हणाली.

लिगियाने डोळे पुसले. मग बाळ स्वतःच्या हाताने माझ्या कडेवर दिलं. टेबलाभोवती नऊ फेऱ्या, मग उलट्या नऊ. अंडं, बिया, पीठ एकेक करून बाळाच्या ओठांना नुसतं लावलं. नेयदी सोबत चालत एकेक वस्तू बाळाच्या हातात देत होती. वही, पेन्सिल, स्टेथोस्कोप, सगळ्याला तिचा हात लागला. शेवटच्या फेरीला मी पर्समधून गाडीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. पोरीने मूठ आवळली.

ती सुटेना. सगळे जेवले, माझा शिरा संपला, नेयदी ह्यूस्टनला निघाली, तरी मूठ बंदच. मला घरी जायचं होतं आणि किल्ली त्या मुठीत. शेवटी बाळ झोपलं तशी लिगिया बोटं सोडवायला वाकली, आणि किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काकू, आधी मला शिकवाल?" म्हणाली. "तिला गाडी चालवायला अजून सोळा वर्षं आहेत."

मी फार ओरडते, रडायचं नाही, हे तिला तिथेच बजावून ठेवलं.