शेंगांच्या बरणीत मला जाग आली

मित्रांनो, मी तुमच्याशी झोपेतून बोलतो आहे. बोलणे थोडे अस्पष्ट वाटले तर सांभाळून घ्या. मी एक बीजाणू आहे. बीजाणू म्हणजे जाड कवच पांघरून निजलेला जंतू. सुईच्या टोकावर माझी सगळी भावकी बसेल आणि वर पाहुण्यांना जागा उरेल, एवढा मी लहान.

माझा जन्म दोन बहिणींच्या घरामागच्या परसात झाला. कुजलेल्या पानांच्या जाड थराखाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे आमचे कूळ वाढले. ज्या हवेवर तुम्ही जगता, ती आम्हाला मानवत नाही. एके दिवशी खाण्यासारखे काही उरले नाही. मग मी अंगाभोवती कवच विणले आणि झोपलो. किती वर्षे झोपलो, ते मला विचारू नका. डोक्यावरून पावले जात. मुळे मला हळूच बाजूला सारून पुढे सरकत. थंडीत माती आखडे, उन्हात तिला भेगा पडत. गांडुळाच्या पोटातून मी दोनदा प्रवास केला आणि दोन्ही वेळा मला त्याचा पत्ताही लागला नाही. ते माझे सुखाचे दिवस होते. मी कोणाच्या अध्यातमध्यात नव्हतो आणि माझी कोणाला आठवण नव्हती.

ह्या दोघी बहिणी सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत राहत. थोरली सत्तरीला टेकलेली. तिने चौतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. डोक्याला यंत्र लावून ती "नंबर सांगा" म्हणायची, ते इतके गोड, की काही लोक नंबर ठाऊक असूनही तिलाच विचारत. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ होते. निवृत्तीनंतरही सगळे तिला एक्स्चेंजबाईच म्हणत. धाकटी शिवणकाम करी. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. ती थोरलीला ताई म्हणे आणि थोरली तिला छोटे म्हणे. छोटीने साठी ओलांडली होती, पण हाक काही मोठी झाली नाही.

ताईला बरण्या भरायचा नाद होता. दर वर्षी ती टोमॅटो आणि आंबट फळांच्या फोडी काचेच्या बरण्यांत भरी, मोठ्या पातेल्यात त्या बरण्या उकळी, झाकण घट्ट बसवी आणि ओळीने फळीवर मांडी. शेजारीपाजारी वाटीही. त्याने कोणाला कधी काही झाले नाही. कारण साधे होते. आंबटात आम्हाला जाग येत नाही. पण हे ताईला माहीत नव्हते. तिला वाटे, ही सगळी तिच्या उकळीची करामत.

त्या वर्षी परसात घेवडा भरभरून आला. टोपल्यांवर टोपल्या. अशाच एका शेंगेच्या देठाशी मातीचा कण चिकटला होता आणि त्या कणात मी होतो. ताईने शेंगा धुतल्या, पण देठाच्या खाचेत पाणी नीट पोचले नाही. तिने मिठाचे पाणी केले आणि बरण्या भरायला घेतल्या.

छोटीने मशीन थांबवून मान वर केली. "ताई, शेंगा म्हणजे टोमॅटो नव्हेत गं. मी कुठेतरी वाचलंय, नुसतं उकळून भागत नाही. दाबाचं मोठं भांडं लागतं."

"इतकी वर्षं भरतेय. कोणाचं पोट तरी दुखलं का?"

"नाही दुखलं. पण शेंगा कधी भरल्या होत्यास?"

"उकळत्या पाण्यात काय जगतं गं? तू आपली काजं-बटणं बघ."

"बरं बाई," छोटी म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू झाले.

मित्रांनो, उकळत्या पाण्यात मी जगतो. पातेल्यात पाणी खळखळत होते, बरण्या एकमेकींवर आपटत होत्या आणि माझ्याबरोबर शेंगेवर आलेले इतर जंतू एकेक करून नाहीसे होत होते. माझ्या कवचाला मात्र धक्का लागला नाही. उलट त्या उष्णतेने कोणीतरी खांदा धरून हलवावे तशी माझी झोप चाळवली. मग झाकण फिरले. आतली हवा संपली. बरणी चुलीवरच्या फळीवर गेली, जिथे दिवसभर मंद ऊब असे.

किती दिवसांनी, सांगता येत नाही, पण मला जाग आली. कवच सैल झाले आणि पाणी आत झिरपले. समोर हिरवट, अंधारे, खारट पाणी होते आणि त्यात शेंगा तरंगत होत्या. एखाद्या तळ्याच्या तळाशी डोळे उघडावेत तसे मला वाटले. मी वाढलो. माझे दोन झाले, दोनाचे चार. त्यातला मी कोणता आणि माझा नातू कोणता, हे आमच्यात सांगता येत नाही. खाता खाता आमच्यातून एक विष पाण्यात उतरत गेले. त्याला रंग नव्हता, वास नव्हता, चव नव्हती. मला कोणाशी वैर नव्हते. पण विष ते विषच. पुढे खाणे संपत आले, तसे आमच्यातल्या काहींनी पुन्हा कवचे विणली. त्यात मीही होतो.

रविवारच्या दुपारी ताईने बरणी उघडली. फोडणी देण्याआधी चाखून बघायची तिची सवय. दोन शेंगा तिने तशाच थंड तोंडात टाकल्या. "मीठ अगदी बेतशीर झालंय, छोटे. घेतेस?"

छोटीच्या तोंडात टाचण्या होत्या. एका गिऱ्हाइकाचा पडदा ती मापून घेत होती. तिने मानेनेच नाही म्हटले. ताईने आणखी तीन-चार शेंगा खाल्ल्या आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली, उद्याच्या जेवणासाठी.

सोमवारी सकाळी ताईला खिडक्या दोन दिसू लागल्या. घड्याळही दोन. "चष्मा बदलायला हवा," ती म्हणाली. दुपारपर्यंत तिच्या पापण्या खाली आल्या, घशाखाली पाणी उतरेना आणि जिच्या आवाजासाठी लोक टेलिफोन उचलत, तिचा शब्द तोंडातच लोळू लागला. छोटी खालच्या सायकलवाल्याला हाका मारत सुटली. त्याने रिक्षा आणली आणि ताईला उचलून बसवले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना आधी पक्षाघात वाटला. पण दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या पडल्या होत्या. ताप नव्हता आणि शुद्ध पक्की होती. त्यांनी छोटीला बाहेर बोलावले.

"काल-परवा त्यांनी काय खाल्लं? घरात बंद करून ठेवलेलं काही?"

"शेंगा," छोटी म्हणाली. "बरणीतल्या. उकळून भरलेल्या."

"बरणी घेऊन या. चाखू नका, हात लागला तर साबणाने धुवा. आणि अशा आणखी किती आहेत ते बघा."

छोटी घरी धावली. उघडलेली बरणी तिने दोन पिशव्यांत गुंडाळली आणि शिवणाच्या थैलीत ठेवली. तशी थैलीतून मी दवाखान्यात आलो. ताईने नऊ बरण्या भरल्या होत्या. एक ही. फळीवर तीन. म्हणजे पाच वाटल्या गेल्या होत्या. एक सायकलवाल्याला आणि एक समोरच्या मास्तरांना, एवढे छोटीला माहीत होते. त्या दोन्ही तिने वाटेतच ताब्यात घेतल्या. झाकणे उघडलेली नव्हती. उरलेल्या तीन कुठे?

तोवर ताईच्या घशात नळी घातली होती आणि तिचा श्वास एक यंत्र घेत होते. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर काहीच हालत नव्हते. पलंगाशेजारच्या खुर्चीवर माझी थैली होती.

"ऐकू येतं त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं कळतं. फक्त स्नायू साथ देत नाहीत. बोला त्यांच्याशी."

छोटीने तिचा हात हातात घेतला. "ताई, ऐकतेस ना? ऐकत असलीस तर बोट दाब."

बोट हलले. अगदी जरासे.

"उरलेल्या बरण्या कोणाला दिल्यास? मी नावं घेते. पोस्टमनला?"

बोट हलले.

"तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला?"

हलले.

"पाचवी? दूधवाल्याला? माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणाला? वाचनालयातल्या बाईंना?"

बोट स्वस्थ होते. छोटीने आठवतील तेवढी सगळी माणसे घेतली. बोट स्वस्थच. तिला रडू कोसळले. आणि मग बोट आपणहून हलू लागले. चार वेळा. थांबले. दोन वेळा. पुन्हा थांबले.

"काय होतंय तिला? सिस्टर, बघा ना!"

सलाईन बदलणारी नर्स वाकून बघत राहिली. "थांबा. मोजून दाबतायत त्या. हे आकडे आहेत!"

छोटीने खिशातला शिंप्याचा खडू काढला आणि थैलीवरच लिहू लागली. चार. दोन. सात. ताई टेलिफोनचा नंबर सांगत होती. शून्य सांगायला जुन्या तबकडीच्या टेलिफोनसारखे दहा वेळा दाबायचे होते. आठव्याला बोट थकून थांबले. खोलीत फक्त यंत्राचा श्वास ऐकू येत होता. मग तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि दहा पुरे केले. सहा आकडे झाले, तेव्हा तिचे कपाळ घामाने भिजले होते.

छोटी थैली घेऊन बाहेरच्या फोनकडे धावली. मला तिचेच बोलणे तेवढे ऐकू येत होते.

"हॅलो? मी एक्स्चेंजबाईंची बहीण. तुम्ही कोण? बसड्रायव्हरच्या मिसेस? बरं, बरं. ताईने तुम्हाला शेंगांची बरणी दिली होती ना? कुठंय ती? टेबलावर? उघडली? अहो, तोंडाला लावू नका! कोणी खाल्लं तर नाही ना? सगळ्यांना विचारा. मुलांनाही. मी थांबते, फोन ठेवत नाही मी."

ती फोन कानाला लावून उभी राहिली. थैली तिच्या छातीशी होती आणि तिचे काळीज धडधडत होते.

"नाही? नक्की? एक घासही नाही?" मग ती भिंतीला टेकून खालीच बसली.

गोष्ट अशी होती, मित्रांनो. महिन्यापूर्वी ताईची पर्स बसमध्ये राहिली होती आणि ड्रायव्हरने ती घरी आणून दिली होती. त्याचे उपकार फेडायला ताईने बरणी पाठवली होती. त्या रात्री त्याच्याकडे पाहुणे जेवायला बसले होते.

छोटी आत आली आणि ताईच्या कानाशी वाकली. "लागला, ताई. नंबर लागला. कोणी खाल्लं नाही."

ताईच्या मिटल्या पापणीखालून पाणी आले आणि कानाकडे ओघळले.

ऑफिसातल्या मैत्रिणीने बरणी अजून उघडली नव्हती. पोस्टमनने मात्र आपली संपवलीसुद्धा होती. त्याला दोन दिवस दवाखान्यात नजरेखाली ठेवले, पण तो ठणठणीत होता. त्याच्या बायकोने शेंगांचे सूप पंधरा-वीस मिनिटे खळखळा उकळले होते. बरणीत विष असलेच, तरी तेवढ्या उकळीपुढे ते टिकत नाही. आमचे कवच टिकते, विष टिकत नाही. पण त्या बाईने ते काही माहीत असून केले नव्हते. तिला सूप गरम लागते, एवढेच.

विषावरचा उतारा दुसऱ्या शहरातून मोटारीने आला. तो झालेले नुकसान भरून काढत नाही, पुढचे थांबवतो. बाकीचे काम ताईच्या अंगाला स्वतःच करावे लागले. त्याला पाच आठवडे लागले.

मला प्रयोगशाळेत नेले. तिथल्या बाईंनी मला बिनहवेच्या डब्यात वाढवले, ओळखले आणि एका नळीत बंद करून गोठणाऱ्या थंडीत ठेवले. नळीवर चिठ्ठी आहे. तिच्यावर तारीख आहे आणि "शेंगा" असे लिहिले आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझी नोंद घेतली होती. तिचा मला अभिमान नाही.

चार महिन्यांनी ताई छोटीच्या हाताला धरून तिथे आली. "मला बघायचंय त्याला," ती म्हणाली. आवाज जड झाला होता. शब्द एकेक पायरी उतरावा तसा येत होता. बाईंनी माझ्या नळीतला एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ताई बराच वेळ वाकून बघत राहिली. ती मला शिव्या देईल, असे मला वाटले होते.

"एवढासा?" ती म्हणाली. "आणि मी म्हणायचे, उकळत्या पाण्यात काय जगतं." मग ती छोटीकडे वळली. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"जाऊ दे गं."

"जाऊ कशाला देऊ? बाई, मला नीट सांगा. मी लिहून घेते."

बाईंनी सांगितले. ताई कापऱ्या हाताने, मोठाल्या अक्षरांत लिहीत गेली. शेंगा, मका, मांस, मासे, जे आंबट नाही ते घरी बरणीत भरायचे तर दाब दाखवणारा काटा असलेले दाबाचे भांडे हवे, आणि वेळ भांड्याबरोबरच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच. भांडे नसेल तर बरणी भरायचीच नाही, फ्रीझरमध्ये ठेवायचे. लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवायचा नाही, कारण तेलाखालीही हवा पोचत नाही. झाकण फुगले, उघडताना पाणी उडाले, नुसती शंका आली, तरी टाकून द्यायचे.

"आणि चाखून बघायचं नाही," छोटी म्हणाली.

ताईने तेही लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग विचारले, "ह्याच्या पाच प्रती करून मिळतील का? ज्यांना बरण्या दिल्या होत्या, त्यांच्या घरी मी स्वतः जाणार आहे."

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच आहे. मला कोणी शहाणपण शिकवू शकत नाही. हवा नसेल, आंबट नसेल आणि ऊब असेल, तर मी काल जे केले तेच उद्या करीन. तुमचे तसे नाही. एक सत्तरीची बाई, जिला पेन धड धरता येत नव्हते, एका सकाळी खुर्चीत बसून नवे शिकली आणि पाच दारे ठोठावायला निघाली. जिने चढताना तिला दम लागत होता. छोटी म्हणाली, "कागद मी देऊन येते, तू खाली थांब." ताई म्हणाली, "नको. बरणी मी दिली होती."