जिराफाच्या मागे गटार

आमच्या भाडेकरारातलं अकरावं कलम असं होतं : 'सदर जागेत दोन प्रौढ व्यक्तींखेरीज कोणीही वास्तव्य करणार नाही.' सही केली तेव्हा लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तिसरं कोणी येईल असं आम्हालाच काय, नातेवाइकांनाही वाटेनासं झालं होतं. त्यामुळे कलम वाचून आम्ही हसलो होतो. अकराव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून बातमी दिली. मला आनंद झाला आणि दवाखान्याचा जिना उतरताना अकरावं कलम आठवलं.

कलम उगाच आलेलं नव्हतं. आधीच्या भाडेकरूंच्या मुलाने तेलखडूने भिंतीवर आगगाडी काढली होती. स्वयंपाकघरात इंजिन आणि बाहेरच्या दाराशी शेवटचा डबा. डबे एकवीस, हे मालक स्वतः सांगत. मालक म्हणजे एका कारखान्यातले निवृत्त स्टोअरकीपर. चौतीस वर्षं नटबोल्ट मोजलेला माणूस, त्याच्या हिशेबातून डबा सुटणार नाही. दर तीन महिन्यांनी रविवारी दहाला ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून येत आणि घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा भिंतींवरून हात फिरवत.

करार बायकोच्या आठव्या महिन्यात संपत होता. आम्ही तीन घरं पाहून आलो. पहिल्याला लिफ्ट नव्हती, दुसऱ्याला उजेड नव्हता आणि तिसऱ्याच्या मालकाने बायकोच्या पोटाकडे बघून "पुढच्या आठवड्यात कळवतो" असं सांगितलं. तो आठवडा अजून आलेला नाही. तेव्हा आमचं ठरलं, की आधी नव्या करारावर सही घ्यायची, मग सांगायचं. सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणजे वाईट बातमी सरासरी काढून सांगायची मला सवय आहे, असं बायकोचं म्हणणं.

तिला मात्र बाळाची खोली हवी होती.

"भिंतीवर काहीतरी पाहिजे. पोरगं डोळे उघडून काय पंखा बघणार?"

दुकानातल्या चौकटींच्या किमती बघून आम्ही तिथली एसीची हवा तेवढी खाऊन बाहेर आलो. शेवटी इंटरनेटवर दोन चहांच्या पैशांत नऊ प्राण्यांची फाइल मिळाली. पैसे एकदाच भरायचे, प्राणी हवे तितके छापायचे. कागदाचा प्रश्न बायकोने सोडवला. ती ड्रेनेज खात्यात नकाशे काढते. तिथे नवा नकाशा मंजूर झाला की जुना रद्दीत जातो आणि ज्याला हवा तो घरी नेतो. अर्ध्या खात्याच्या मुलांच्या वह्यांना सांडपाण्याची कव्हरं आहेत. एका बाजूला शहराची जुनी गटारं, दुसरी बाजू कोरी, आणि कागद असा जाड की लग्नपत्रिकेने मान खाली घालावी.

झेरॉक्सवाल्याने पहिला कागद मशीनला लावण्याआधी उलटसुलट केला.

"सर, जिराफाच्या मागे गटार आहे. चालेल?"

"भिंतीलाच लावायचंय."

"भिंतीला चालत असेल तर माझं काय जातंय."

खिळे मारायला बंदी होती, पण भिंतीच्या दोन टोकांना जुने हुक होते. त्यांना दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी नऊ प्राणी उंचीच्या क्रमाने लावले. डावीकडे उंदीर, मग ससा, असं करत शेवटी जिराफ. पाळणाही आला. खोली इतकी छान दिसायला लागली की मालक येणार आहेत हे मी चार दिवस विसरूनच गेलो.

रविवारी सकाळी आठवलं. करारावर दोघांच्याही सह्या लागणार होत्या, म्हणजे बायकोला मागच्या वेळेसारखं 'ऑफिसात जादा काम' म्हणून गायब करता येणार नव्हतं.

"अहो, घाबरताय काय? उलटे करा ना कागद," ती म्हणाली. "मागे नकाशेच आहेत. ही माझी कामाची खोली."

पाच मिनिटांत जंगलाचं ड्रेनेज खातं झालं. पाळण्यावर चादर टाकून वर माझ्या जुन्या उत्तरपत्रिका रचल्या. बायको टेबलामागे बसली, समोर ड्रॉइंगचा फळा उभा केला. पोट टेबलाखाली आणि चेहरा सरकारी.

दहाला बेल वाजली.

"काय मास्तर, घर जागेवर आहे ना?" मालक चपला काढत म्हणाले. शिकवणारा कोणीही त्यांच्या लेखी मास्तरच. त्यांनी बैठकीच्या खोलीच्या भिंती कुरवाळल्या, नळ उघडून बंद केले आणि तिसऱ्या खोलीच्या दारात थांबले.

"हे काय?"

"हिची कामाची खोली."

"गटारं?"

"जुनी आहेत," बायको फळ्यामागून म्हणाली. "आता बदललीत."

"आमची गल्ली सोडून बदलली असतील. चार वर्षं झाली बाई, दर बुधवारी अख्खं शहर माझ्या दारात परत येतंय." त्यांनी चष्मा लावला आणि दोरीजवळ गेले. मग त्यांचं लक्ष कागदांच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे गेलं. "तीन, पाच, नऊ, एक... हे कसलं लावणं?"

उंदीर, ससा या क्रमाने, असं उत्तर देता येत नव्हतं.

"कामाच्या निकडीप्रमाणे," बायको म्हणाली.

"निकड असली म्हणून आकडा बदलतो का? चौतीस वर्षांत माझ्या स्टोअरला सातानंतर आठच आला." त्यांचा हात चिमट्याकडे गेला.

"राहू द्या, मी नंतर लावतो," मी म्हणालो.

"तुम्ही नंतरच लावणार." पण तेवढ्यात शेवटच्या कागदाने त्यांना खिळवलं. "अरे, चार नंबर! ही आमचीच गल्ली. बाई, या इकडे, बोट ठेवून दाखवा."

"पाय आखडलाय हो जरा."

"मग मीच आणतो."

कागद छातीशी धरून ते टेबलाकडे निघाले. नकाशा त्यांच्याकडे, जिराफ बायकोकडे. जिराफ हसत होता. फाइलमध्येच तो हसरा होता. मालकांनी कागद टेबलावर पसरला तेव्हा नकाशाच वर होता.

"नकाशा जुना असला तरी तुमच्या गल्लीत कोणी हातच लावला नाही, म्हणून तेवढा भाग खरा आहे," बायको म्हणाली. कामाचं निघालं की तिला राहवत नाही. "हे बघा, वरून नऊ इंची पाइप येतो आणि तुमच्या कोपऱ्यावर सहा इंचीत घातलाय. तुंबणारच."

"चार वर्षांत हे मला एकानेही सांगितलं नाही!" मालक म्हणाले. त्यांनी तो सहा इंची पाइप नीट बघायला कागद खिडकीसमोर धरला. इतक्या जाड कागदातूनही दहाच्या उन्हाचा उजेड आरपार आला.

"बाई, या पाइपला डोळे कुठून आले?"

त्यांनी कागद उलटा केला. मग दोरीशी जाऊन एकेक कागद उलटत गेले. हत्ती, झेब्रा, अस्वल, उंदरापर्यंत.

"नऊ," ते म्हणाले. मग त्यांनी उत्तरपत्रिकांखालच्या चादरीकडे आणि चादरीखालच्या डोलत्या पायांकडे पाहिलं. "उठा बाई."

बायको उठली.

"कितवा?"

"आठवा."

"मी सांगणारच होतो," मी म्हणालो.

"कधी?"

"सहीनंतर."

"हे मात्र खरं बोललात." ते तिच्या खुर्चीत बसले, पिशवीतून करार काढला आणि अकरावं कलम दोनदा वाचलं. आम्ही लिफ्ट नसलेल्या घराच्या पायऱ्या मनात मोजत होतो. चौऱ्याऐंशी.

"तेलखडू?" मालकांनी विचारलं.

"वर्षभर तरी हातात धरता येणार नाही," बायको म्हणाली.

"आणि मग?"

"मग खाली तीन फुटांपर्यंत सगळ्या भिंतींना हेच कागद लावीन, कोरी बाजू वर. खात्यात रद्दीला तोटा नाही. काढायच्या तेवढ्या आगगाड्या त्यावर काढू दे. भरला की बदलायचा."

हा स्टॉक मालकांना पटलेला दिसला.

"माल लपवून ठेवणाऱ्याला मी स्टोअरमध्ये उभं केलं नसतं," ते मला म्हणाले. मग पेन काढून 'दोन प्रौढ व्यक्ती'च्या पुढे त्यांनी 'व एक बाळ' असं लिहिलं आणि बाजूला सही केली. 'एक' खाली दोन रेघा ओढल्या. "पण चार नंबर मी नेणार."

"जिराफ?" मी विचारलं.

"आमची गल्ली."

पुढच्या मंगळवारी बायकोच्या ऑफिसातून फोन आला. ती रजेवर होती, आवक विभागातल्या कारकुनाला चौकशी करायची होती.

"ताई, एका आजोबांनी तक्रारीला जोडपत्र दिलंय, त्याच्या मागे जिराफ आहे. चालेल?"

"घ्या," बायको म्हणाली.

आवकचा शिक्का कागदाच्या मागच्या बाजूला मारायचा, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे.

मुलगी झाली. ती महिन्याची असताना मालक पाहणीला आले. गल्लीचं काम मंजूर झालं होतं, म्हणजे ते कधी होईल हे कोणीच सांगू शकत नव्हतं, पण जोडपत्र परत मिळालं होतं. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, पाळण्यात डोकावून "एक" म्हणाले आणि जिराफ स्वतःच दोरीला लावायला घेतला. त्यासाठी बाकीचे आठही काढले आणि पुन्हा लावले.

आता जिराफ उंदीर आणि ससा यांच्या मध्ये उभा आहे. पोटावर 'आवक', तारीख, एक हजार सातशे बारा हा क्रमांक आणि कोणाची तरी सही. पाहुणे विचारतात, हे असं का लावलंय? मागून एक ते नऊ सगळं क्रमाने आहे, हे फक्त आम्हा चौघांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या एकीला अजून मान धरता येत नाही.