दोनशे चाळीसच्या पुढे नाही

मी रंगछपाईच्या नियमांचा कागद बोलतोय. हो, तोच, वर्तमानपत्राच्या कचेरीत, फोटोंचे रंग छपाईजोगे करणाऱ्या रंगताईच्या संगणकाशेजारी भिंतीला चिकटवलेला. सगळे मला 'खडूस' म्हणतात. म्हणोत बापडे! गोड बोलायला मी जन्मलोच नाही.

मला जन्म दिला खालच्या छपाईच्या मशीनवाल्या मामांनी. महिनाभर वाया गेलेली पानं उपसून, भिंगातून शाईची टिंबं न्याहाळून त्यांनी एकेक आकडा ठरवला. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, टिंब फुगतं आणि चित्र पडद्यावर दिसतं त्याहून गडद उमटतं. म्हणून माझ्यावर लिहिलंय, प्रत्येक रंगाचे भरून शंभर टक्के धरले, तर चारही रंगांची शाई एका जागी मिळून दोनशे चाळीस टक्क्यांच्या पुढे जायची नाही. बारीक अक्षर फक्त काळ्यात. आणि खाली मामांनी पेनाने लिहिलंय, 'पडद्यावर जे दिसतं त्यावर जाऊ नये.'

माझं वाकडं होतं ते जाहिरातवाल्या साहेबांशी. "गडद म्हणजे भारदस्त," हा त्यांचा मंत्र. फोनवर बोलता बोलता माझ्या कोपऱ्यात चौकोन गिरवायचे, पण मला वाचलं मात्र कधी नाही.

गेल्या आठवड्यात रविवारची पुरवणी दुपारी छपाईला जायची होती. तेवढ्यात एक बाई 'हरवला आहे'ची जाहिरात द्यायला फोटो घेऊन आली. तिचा थोरला भाऊ चार दिवसांपूर्वी घरातून निघाला तो परतलाच नव्हता. हल्ली त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसे. अलीकडचा फोटो एवढा एकच, तोही अंधाऱ्या खोलीत काढलेला.

रंगताईने शाई मोजली. तीनशे दहा! "असाच छापला तर तोंडाच्या जागी डांबर दिसेल," असं म्हणून ती फोटो उजळायला बसली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "अगं, चेहरा धुऊन काढलास की काय? कर गडद!"

पडद्याकडे बघून बहीणही रडवेली झाली. "असा नाही हो आमचा दादा. चांगला सावळा आहे. असा छापलात तर कोण ओळखणार त्याला?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी मला भिंतीवरून ओरबाडलं, मधोमध फाडलं आणि टोपलीत भिरकावलं. "आता बोल. कुठाय तुझा नियम?"

संत्र्याच्या सालींवर पडल्या पडल्या मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? माझं काय, मी कागद. पण त्या माणसाचा चेहरा गेला असता.

"कागद फाटला, साहेब. आकडा तोच आहे," ताई म्हणाली. "चुकलं तर उद्यापासून मी येत नाही." साहेब तणतणत संपादकांकडे गेले आणि तेवढ्यात तिने पान पाठवूनही दिलं.

तासाभराने मामा पहिली प्रत घेऊन स्वतः वर आले. शाई अजून ओली होती. कागदाने ती हवी तेवढी पिऊन घेतली होती आणि फिकट चेहरा सावळा झाला होता. डोळ्याखालचा तीळ, भुवईतली खोक, सगळं जागच्या जागी. बहिणीने पान दोन्ही हातांत धरलं. "हाच," ती म्हणाली. "हाच आमचा दादा." आणि तिथेच खुर्चीत बसून रडली. साहेबांना अचानक कुणाला तरी फोन करायचं आठवलं.

ताईने मला टोपलीतून काढून चिकटपट्टीने जोडलं. आता मी पुन्हा भिंतीवर आहे, पोटावर आडवा व्रण घेऊन. साहेब, हवं तर परत फाडा. मी दोनशे एक्केचाळीस म्हणणार नाही.

तो माणूस अजून सापडलेला नाही. बहीण रोज फोन करते. तेव्हा वाचणाऱ्यांनो, ती पुरवणी घरात असेल तर रद्दीत टाकण्याआधी तो चेहरा एकदा नीट बघा. ओळखू येतो तो. त्यासाठी मी फाटलोय.