'कच्चं' नावाचा फोल्डर

थोरल्याची खोड मला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक आहे. कुणाला विचारायचं म्हटलं की त्याला कमीपणा वाटतो, आणि चुकलं की बोट दुसऱ्याकडे. माझं नाक तेवढं घेतलं, हात घेतले नाहीत. शिवणाच्या दुकानात वाढला, पण सेहेचाळीस वर्षांत सुईत दोरा ओवला नाही. काउंटरवर बसतो आणि स्वतःला मालक म्हणवतो.

माझी शाळा चौथीत सुटली. गिऱ्हाइकांची मापं मी माझ्याच खुणांनी वह्यांत उतरवायचे. खांदा पडका असला तर तिरकी रेघ, पाठीला पोक असलं तर अर्धा गोळा. माझ्याशिवाय ते कुणाला लागत नसे. डोळे अधू झाले तेव्हा धाकटी सून शेजारी येऊन बसली. मी सांगायचे, ती वेबसाइटवर चढवायची. दोन हिवाळे त्यात गेले. काम संपल्यावर वाळवी लागलेल्या वह्या मीच रद्दीत दिल्या.

वेबसाइट धाकटीनेच बांधलेली. लोक घरबसल्या कापड निवडायचे, माप आमच्याकडे असायचंच. काही बिघडलं की तिची रीत ठरलेली. आधी साइटची नक्कल काढायची, दुरुस्ती नकलेवर करून बघायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि नीट चाललं तरच खऱ्या साइटला हात लावायचा. मला हे समजावताना ती अडखळायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, अगं, हे तर कच्चं शिवण. चांगल्या कापडाला आपण आधी कच्चे टाके घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतो, मग मशीन मारतो. तिला हे इतकं पटलं की नकलेच्या फोल्डरला तिने 'कच्चं' असंच नाव दिलं. मापांची रोजची प्रतही ती त्यातच ठेवायची.

गेल्या आठवड्यात ती दोन दिवस बहिणीकडे गेली आणि सकाळी साइटवर लाल अक्षरं उमटली. त्यांचा फोटो काढून ठेवायचा, एवढं तिने मला शिकवलं होतं, तो मी काढला. थोरल्याला म्हटलं, तिला फोन लाव. तर म्हणे, भावजयीला विचारून दुकान चालवायचं का आता? कुठल्या परक्या माणसाने इंटरनेटवर टाकलेला तोडगा याने उचलला आणि सरळ खऱ्या साइटवर चिकटवला. जागा अपुरी आहे असं आलं. जागा करायला आत शिरला, तर समोर 'कच्चं'. याच्या डोक्यात कच्चं म्हणजे अर्धवट राहिलेलं, टाकाऊ. पुसून मोकळा. मग तोडगा चालला. मापांची यादी रिकामी करून प्रतीवरून पुन्हा भरायची, असा तो तोडगा होता. यादी रिकामी झाली, भरायला प्रतच उरली नव्हती. दुपारी साइट उघडली तर नुसतं पांढरं पान.

धाकटी धावत आली. माझा फोटो मोठा करून तिने पाहिला. कितव्या ओळीत चूक आहे तेही लाल अक्षरांतच लिहिलेलं होतं. त्या ओळीतला एक अर्धविराम गेला होता, ब्लाउजचा एक हूक तुटावा तसा. पाच मिनिटांचं काम. आदल्या दिवशी दुकानाची वेळ बदलताना तो थोरल्याच्याच हातून पुसला गेला होता. साइट जिथे ठेवतात त्या कंपनीलाही तिने विचारून पाहिलं. त्यांच्याकडेही मापांची प्रत नव्हती.

थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, हिने बांधलंच तकलादू. धाकटीने एवढंच कबूल केलं की एक प्रत दुसरीकडे ठेवायला हवी होती, तेवढं तिचं चुकलं.

"बघ आई, स्वतःच्या तोंडानेच सांगतेय," तो म्हणाला.

माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मला एकच बाई आठवत होती. ऑपरेशनमध्ये तिच्या छातीची एक बाजू गेली. दार लावून घेऊन तिने ते मला एकदा सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायला लागू नये म्हणून पंधरा वर्षं ती माझ्याकडेच कपडे शिवून घेते. मी खूण केली, ती धाकटीने जपून चढवली. आता वही नाही, खूण नाही, आणि माझ्या ध्यानात आकडे राहत नाहीत. तिला पुन्हा विचारायला लागणार.

मी माझ्या गळ्यातली टेप काढली आणि थोरल्याच्या गळ्यात घातली.

"उद्यापासून गिऱ्हाइकांच्या घरोघर तू जायचं," मी म्हटलं. "माप कसं घेतात ते धाकटीला विचारायचं, सगळ्यांदेखत विचारायचं. प्रत्येकाच्या पायाशी बसून माप घ्यायचं, आणि 'माझ्या हातून पुसलं गेलं' असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्या एका बाईकडे मी जाईन. तिच्या दारात उभं राहायची तुझी लायकी नाही. कच्चं म्हणजे टाकाऊ, असं वाटलं ना तुला? या घरात सगळ्यांत कच्चा तू आहेस. सेहेचाळीस वर्षं झाली, मी टाकलं का तुला?"