पपईची फोड

साकेतच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत माजिवड्याला होती. देवयानी आणि तिचा नवरा श्रीपाद कल्याणहून सकाळीच येऊन दाखल झाले होते. साकेत श्रीपादच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ-वहिनी दोघंही आता नव्हती, त्यामुळे घरातली मोठी म्हणून पूजेच्या सुपाऱ्यांपासून पानातल्या चटणीपर्यंत सगळं देवयानीला विचारून चाललं होतं. तिलाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोला.

जेवणं उरकल्यावर कापलेल्या फळांचं ताट फिरलं. साकेतच्या बायकोला, सान्वीला, तिसरा महिना लागला होता. बिचारीच्या पोटात सकाळपासून काही ठरत नव्हतं. तिने ताटातली पपईची एक फोड उचलली आणि तोंडाशी नेली.

आपण सोफ्यावरून कधी उठलो, हे देवयानीला नंतर किती आठवूनही आठवेना. तिने सान्वीच्या हातावर फाडकन चापट मारली. फोड उडाली आणि नव्या पांढऱ्या फरशीवर केशरी ओघळ काढत टीव्हीच्या कपाटापर्यंत घसरत गेली.

"अक्कल आहे का तुला? पोटुशी बाई पपई खाते? पाडायचंय का पोर?"

सान्वी हात तसाच धरून बघत राहिली. आवाज देवयानीचा होता, पण वाक्य तिचं नव्हतं. ते तिच्या सासूबाईंचं होतं. अगदी शब्दन् शब्द, 'पाडायचंय' वरच्या त्या हिसक्यासकट.

"काकू," साकेत चाचरत म्हणाला, "अगं, तूच तर वर्गात सांगायचीस ना, की..."

त्याने पुढचं गिळलं. बारावीला तो तिच्याच हाताखाली जीवशास्त्र शिकला होता. दर वर्षी वर्गात कुणीतरी मुलगी दबकत विचारायची, "मॅडम, पपई खाल्ली तर खरंच असं होतं का?" मग देवयानी हसायची आणि पिकलेल्या पपईवरच्या आळाची पार धूळधाण उडवायची. तो तास मुलांचा आवडता होता.

"मला वाटलं, कच्ची आहे," ती म्हणाली.

फोड सगळ्यांच्या समोर फरशीवर पडली होती. इतकी पिकलेली, की पडल्यावर चेपली होती. शेजारच्या एक बाई टिश्यू घेऊन वाकल्या, आणि देवयानीला कुठे तोंड लपवू असं झालं.

परतताना बसमध्ये श्रीपाद एवढंच म्हणाला, "मुलगी घाबरली गं." देवयानीने मान खिडकीकडे वळवली.

एके काळी पपई म्हणजे तिचा जीव होता. विठ्ठलवाडीला त्यांच्या घरामागे मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं, तिथे तिच्या बाबांनी पपईचं झाड लावलं होतं. फळाला पिवळा डाग दिसला की ते काठीने हलकेच काढायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. मग एखाद्या रविवारी ते पपई उभी चिरायचे आणि अर्धी होडी सरळ तिच्या हातात द्यायचे. चमच्याने काळ्या बिया काढायच्या आणि साल कागदाइतकी पातळ होईपर्यंत खरवडून खायचं. रस कोपरापर्यंत यायचा. आई ओरडायची, बाबा हसायचे.

आठवड्याभराने साकेतचा फोन आला.

"काकू, जरा येशील का? सान्वी काही खात नाहीये. फळं तर हातातच घेत नाही. त्या दिवसाच्या आधीही तिने घरी पपई खाल्लेली, दोन-तीनदा. तेच धरून बसलीये. डॉक्टरांनी समजावलं, पण ऐकत नाही."

देवयानी दुसऱ्याच दिवशी गेली. साकेत ऑफिसला गेला होता. सान्वी पलंगावर बसली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"अगं, काही होत नाही पपईने," देवयानीने बसता बसताच सुरुवात केली. "मी उगाच..."

"डॉक्टरही तेच म्हणाल्या," सान्वी म्हणाली. "पण काकू, बाकी कुणी बोललं असतं ना, तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही बायोलॉजीच्या मॅडम. तुम्ही एवढ्या घाबरलात, म्हणजे तुम्हाला काहीतरी माहीत असणार. मला बरं वाटावं म्हणून आता सांगत नाही आहात."

देवयानीची कानशिलं तापली. वर्गात मिळवलेली अब्रू तिने या पोरीला घाबरवायला वापरली होती.

"मला काही माहीत नाही सान्वी," ती म्हणाली. "माझं एक गेलंय. आमचा अद्वय व्हायच्या आधी. तिसऱ्याच महिन्यात."

सान्वीने वर पाहिलं. घरात हे कुणी बोलत नसे.

"माझ्या बाबांनी घरची पपई आणून दिली होती. मी बसल्या बैठकीला अख्खी संपवली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात. माझ्या सासूबाई तिथे खाटेशी उभ्या राहून जे बोलल्या, तेच त्या दिवशी मी तुला बोलले. बाबा समोर होते."

"तुम्ही ऐकून घेतलंत?"

"छे! भांडले. पडल्या पडल्या भांडले. असं काही नसतं, शास्त्रात असं कुठेही नाही, म्हटलं. सगळ्यांना वाटलं, देवयानी खंबीर आहे." ती थांबली. "नंतर माहेरी गेले, तर झाड नव्हतं. बाबांनी कोयत्याने तोडून टाकलं होतं. बुंधा तेवढा होता. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही."

"पण तुम्ही त्यांना सांगायचं ना, की तुमच्यामुळे नाही झालं म्हणून!"

"हो. सांगायला हवं होतं. सासूबाईंशी भांडायला तोंड होतं मला. बाबांपुढे नाही उघडलं."

"का?"

देवयानीला पलंगावरच्या चादरीकडे बघत उत्तर द्यावं लागलं. "कारण मलाही तसंच वाटत होतं. त्यांच्या पपईनेच गेलं, असं. आणि बाबा गेले, तरीही वाटतच राहिलं."

सान्वीने उशी मांडीवर ओढून घेतली. मग तिने विचारलं, "तुम्ही तेव्हा डॉक्टरांना विचारलं नाहीत?"

"नाही. ते हो म्हणाले असते तर?"

"उद्या माझी तपासणी आहे," सान्वी म्हणाली. "चला माझ्याबरोबर. तुम्ही विचारा. मी ऐकते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत, सान्वीची तपासणी झाल्यावर, पन्नाशी उलटलेल्या देवयानीने पर्सचा पट्टा पिळत तो प्रश्न विचारला. तिचे शब्द अडखळत होते, अगदी तिच्या वर्गातल्या त्या मुलींसारखे. डॉक्टर तरुण होत्या. त्या हसल्या नाहीत. इतक्या लवकर गर्भ जातो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या गुणसूत्रांमध्येच चूक असते, त्या म्हणाल्या. पिकलेली पपई खाल्ल्याने असं होत नाही. "तुम्ही काय करता?" त्यांनी सहज विचारलं.

"घरीच असते," देवयानी म्हणाली. गुणसूत्रांचा तो धडा तिने आदल्याच महिन्यात वर्गात शिकवून संपवला होता.

सान्वीने तिच्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर देवयानीने जिन्यात उभं राहून श्रीपादला फोन लावला. "ऐक ना. ते आपलं पहिलं... ते पपईने नव्हतं गेलं."

"ते माहितीये की," तो म्हणाला. "तूच नाही का आईला सुनावलं होतंस? मला वाटायचं, तुला वास सहन होत नाही म्हणून तू घरात पपई आणत नाहीस."

तिने त्याला तसंच सांगितलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात, रोज शेजारी जेवायला बसणाऱ्या माणसाला.

सान्वी हळूहळू सावरली. फळं खायला लागली, झोपायला लागली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, धडधाकट. पपईला मात्र तिने त्या सगळ्या महिन्यांत हात लावला नाही. कुणी पुढे केली, तर म्हणायची, मला वासच आवडत नाही तिचा. ते ऐकताना जवळ बसलेल्या देवयानीची नजर आपोआप खाली जायची.